मागच्या प्लॉटचा रस्ता

"तुम्ही अठी उभे हा. आता घरी जाऊन दाखवा."

नगरपंचायतीत प्लॉटचे नकाशे मंजूर करणाऱ्या मॅडमच्या टेबलवर नकाशा आला की त्या तो आधी उलटा फिरवायच्या, म्हणजे त्यांच्याकडचं तोंड अर्जदाराकडे. मग पेन बंद करून त्याचं टोक डांबरी रस्त्यावर टेकवायच्या आणि वरचं वाक्य म्हणायच्या. समोरच्या माणसानं स्वतःचं बोट त्या ठिकाणी ठेवायचं आणि कुणाचीही रेघ न ओलांडता आपल्या प्लॉटपर्यंत सरकवत न्यायचं. पोचलं तर पुढचं बोलणं. नाही पोचलं तर नकाशाची गुंडाळी परत हातात.

हसू नका. भल्याभल्यांची बोटं त्या टेबलवर अडकलेली मी पाहिली आहेत. हातात चार अंगठ्या घातलेला एक ले-आउटवाला एकदा पाच मिनिटं बोट फिरवत होता आणि शेवटी म्हणाला, "मॅडम, ह्या चौदा नंबरले मागून जाता येते." मॅडम म्हणाल्या, "मागं नाला हाये. चौदा नंबरवाल्याले होडी पण देऊन राह्यले का तुम्ही?"

मी त्या वेळी तिथंच होतो, कारण तो नकाशा मीच काढलेला होता. माझं दुकान नगरपंचायतीच्या फाटकासमोर. नकाशे, झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन. एका जागेचे दोन-चार तुकडे पाडायचे असले की लोक आधी माझ्याकडे येतात, मग मॅडमच्या टेबलवर जातात, आणि मॅडमनी परत पाठवलं की चिडून पुन्हा माझ्याकडे येतात. आठ वर्षं आमचं हे असं चाललं. त्यामुळे मॅडमना तालुक्यात माझ्याइतकं कुणी ओळखत नसेल, आणि माझ्याइतक्या शिव्या त्यांना मनातल्या मनात कुणी दिल्या नसतील.

त्या मूळच्या फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरच्या. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, ऑफिसात वऱ्हाडी आणि फायलीत एकदम शुद्ध मराठी. आईचा फोन आला की "हां याडी" म्हणून उठायच्या, खिडकीशी जाऊन भरभर बोलायच्या आणि परत येऊन वाक्य जिथं सोडलं होतं तिथूनच पकडायच्या. यवतमाळहून रोज एसटीनं येणं. टेबलाच्या खालच्या खणात कॅनव्हासचे बूट. चप्पल काढून बूट चढवले की आम्ही समजायचो, आज कुणाच्या तरी जागेवर जाऊन हिचं पायी चालणं आहे आणि कुणाचं तरी काही खरं नाही.

जागेवरची त्यांची एक पद्धत होती. मोजायचा फिता त्या स्वतः कधी धरायच्या नाहीत. ज्यांचं आपसात पटत नाही त्या दोघांच्या हातात दोन टोकं द्यायच्या. "मी धरला तर मोजणी माही होते. तुम्ही धरला तर तुमची होते," म्हणायच्या. तीन वर्षं अबोला धरलेले दोन चुलतभाऊ त्या फित्यामुळे "जरा ताण ना", "ताणलाच हाये" एवढं बोललेले मी कानांनी ऐकले आहेत.

नियम साधा आहे. जागेचे तुकडे पाडले, तर प्रत्येक तुकड्याला सार्वजनिक रस्त्यापर्यंत स्वतःची वाट हवी. ती किती रुंद हवी ते नियमात लिहिलेलं असतं, मधूनमधून बदलतं, त्यात मी तुम्हाला अडकवत नाही. पण वाट हवी, हे काही बदलत नाही. लोकांना तेच नको असतं. वाटेत जागा जाते. आणि मागचा तुकडा ज्याला मिळतो तो बहुतेक वेळा भांडू न शकणारा माणूस असतो.

मंदाबाईंचं तसंच झालं.

मंदाबाई शाळेत खिचडी शिजवायच्या. नवरा गेला, तेव्हापासून गावातच एका भाड्याच्या खोलीत राहायच्या. त्यांच्या वडिलांची घाटंजी रोडला अर्धा एकर जागा होती. वडील गेल्यावर दोन भाऊ आणि मंदाबाई अशी तीन नावं लागली. आमच्याकडे अशा वेळी बहिणी सरळ हक्कसोड करून देतात. माहेरचं एक लुगडं, रक्षाबंधनाचं एक जेवण आणि भावाच्या घरातली एक हक्काची हाक, एवढ्यासाठी बाई जमिनीवरचं नाव सोडून मोकळी होते. मंदाबाईंनी नाव सोडलं नाही. "मले दोन खोल्या बांधाच्या हायेत," एवढंच म्हणाल्या. मोठ्या भावानं मोठ्या मनानं कबूल केलं आणि मागचा तुकडा त्यांना दिला.

नकाशा काढायला मोठा भाऊ माझ्याकडे आला. समोर, डांबरी रस्त्यावर त्याचे तीन दुकानगाळे होणार होते. त्याच्या शेजारी धाकटा. मागं मंदाबाई. "अन् तिचा रस्ता?" मी विचारलं. तो म्हणाला, "धाकट्याच्या कडेनं काढून दे ना. तठी मोकळीच जागा हाये."

आता माझी चूक ऐका. मी जागेवर गेलो नाही. जुन्या मोजणीच्या नकाशाची झेरॉक्स होती, तीही झेरॉक्सची झेरॉक्स. धाकट्याच्या कडेला एक काळपट गोल दिसत होता. माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक कागदावर चहाचे थेंब असतातच, मला तोही तसाच वाटला. मी तो कॉम्प्युटरवर पुसला आणि त्यावरून सुंदर सरळ रस्ता काढला. मॅडमच्या टेबलवर मोठ्या भावाचं बोट त्या रस्त्यावरून सुर्रकन मंदाबाईंच्या प्लॉटवर गेलं. मॅडमनी मान हलवली आणि खालच्या खणातून बूट काढले.

जागेवर तिघं भावंडं, मॅडम आणि मी. मॅडम हातात नकाशा घेऊन माझ्या रस्त्यावरून पुढं निघाल्या. पाठीमागे आम्ही. जरा पुढं गेल्यावर त्या थांबल्या. पुढं विहीर होती. चांगली दगडी बांधणीची, बारमाही पाण्याची, दोघा भावांच्या मोटरी तिच्यावर बसवलेल्या.

मॅडमनी मागं वळून माझ्याकडे पाहिलं. "नकाशेवाले दादा, पुढं मी पोहत जाऊ का?"

धाकटा भाऊ फस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला. मोठा इकडेतिकडे पाहायला लागला. मला त्या क्षणी त्या विहिरीत उडी मारावीशी वाटत होती. तेवढ्यात मोठा म्हणाला, "विहीर बुजवून टाकू, मॅडम."

"बुजवा. आधी बुजवा, मंग मी येतो."

आमच्या वऱ्हाडात बायकाही 'येतो', 'जातो'च म्हणतात. पण विहीर बुजवायची तर दोघांचंही पाणी जाणार, हे सगळ्यांनाच माहीत होतं. ती बुजणार नव्हती. म्हणजे रस्ता दुसऱ्या कडेनं, मोठ्याच्या बाजूनं काढावा लागणार होता. म्हणजे त्याच्या तीन गाळ्यांचे दोन होणार होते. मी परत येताना मॅडमना म्हणालो की नकाशा दुरुस्त करून देतो. त्या म्हणाल्या, "अर्जदार सांगीन तवा करा. तुमी त्याईचे मानूस हा, माहे नाही."

अर्जदारानं सांगितलं नाही. उलट चारच दिवसांनी मोठा भाऊ मंदाबाईंना घेऊन माझ्या दुकानात आला आणि स्टॅम्पपेपर पुढं केला. संमतीपत्र टाइप करायचं होतं. मला स्वतंत्र रस्त्याची गरज नाही, मी भावाच्या अंगणातून ये-जा करीन, माझी काही तक्रार नाही. मी टाइप केलं. हो, तेही मीच टाइप केलं. मंदाबाईंनी सही केली. सही करताना त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

मॅडमविषयी गावात तेव्हा बरंच बोललं जात होतं. हिला स्वतःला माहेरात काही भेटलं नाही, म्हणून ही दुसऱ्याच्या भावांवर डूख धरते, असं मोठा भाऊ पानठेल्यावर सांगत होता. मला राहवलं नाही. एक दिवस मी सरळ विचारलं. मॅडम इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलवरचा बाबू उठून बघायला आला.

"मले? मले दोन एकर हाये, दादा. माह्या भावानं मले वावरात नेलं, म्हणे कोणतं पाह्यजे ते घे. म्या रस्त्यावरचं घेतलं. तो अजून म्हणते, लय हुशार निघाली ही." मग डोळे पुसून म्हणाल्या, "तूर हाये तठी. यंदा चांगली हाये."

म्हणजे डूख-बिख काही नव्हतं. तुम्हाला खरं सांगतो, माझी थोडी निराशाच झाली. माणसाच्या कडकपणामागं काहीतरी दुखणं असलं की आपल्याला बरं वाटतं. मॅडमचं काही दुखत नव्हतं. त्यांना नुसतं नियम बरोबर आहे असं वाटत होतं.

संमतीपत्र द्यायला मंदाबाई एकट्याच गेल्या. भाऊ बाहेर मोटरसायकलवर बसून होता. मी दुसऱ्या एका फायलीसाठी मॅडमसमोर उभा होतो, बाजूला सरकलो.

मॅडमनी कागद पूर्ण वाचला, घडी घातली आणि परत केला.

"हे नाही चालत, बाई."

"मीच लिहून दिलं ना, मॅडम. माही तक्रार नाही."

"तुमची नाही. उद्या तुम्ही आजारी पडल्या अन् दवाखान्याची गाडी आली, तर तिले हा कागद दाखवाचा का? तुमच्या भावानं जागा विकली, तर घेणारा तुमाले अंगणातून जाऊ देईन का?"

मंदाबाईंचा आवाज एकदम चढला. "मले रस्ता नाही पाह्यजे, मॅडम. मले माहेर पाह्यजे! दादा बोलत नाही माह्याशी. त्याच्या पोराचं साक्षगंध झालं, मले बोलावलं नाही. तुमची सही झाली का तो बोलीन."

मॅडमनी त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला. त्या काही समजूत घालतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "माहेर मले नाही देता येत, बाई. रस्ता देता येते. माह्या टेबलवर तेवढंच हाये."

मंदाबाई रडतच निघून गेल्या. मला मॅडमचा त्या दिवशी फार राग आला. एक बाई स्वतःहून म्हणते की मला नको, आणि ही नियम धरून बसते. दुकानात जाऊन मी दोन कप चहा प्यायलो तरी राग जाईना. मग हळूहळू लक्षात आलं की राग माझा मलाच येत होता. ते संमतीपत्र मी टाइप केलं नसतं, तर मंदाबाईंना तिथं जावंच लागलं नसतं.

मोठा भाऊ काही कच्चा खेळाडू नव्हता. मॅडम जूनअखेर निवृत्त होणार हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्यानं फाईल तशीच पडू दिली. "चार महिन्याचा तर प्रश्न हाये," तो मला म्हणाला. "नवीन साहेब येईन, त्याले काय माहीत विहीर? तू फक्त गप राह्य." तो माझा जुना गिऱ्हाईक. त्याच्या ओळखीनं वर्षाला दहा-बारा नकाशे येत. मी गप्प राहिलो.

निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, नगराध्यक्षांचं भाषण. मॅडमना बोला म्हटलं तर उभ्या राहून म्हणाल्या, "ज्यायले म्या चालवलं, त्यायचे पाय दुखले असतीन. माफी करजा." आणि बसल्या. टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना कळेना.

संध्याकाळी जाताना त्या माझ्या दुकानात आल्या. आठ वर्षांत पहिल्यांदा. कॅनव्हासचे बूट पिशवीत होते.

"घाटंजी रोडची फाईल," त्या म्हणाल्या. "तुमचा नकाशा तसाच लावून ठेवला. माही टिपणी त्याच्या मागं हाये. दोनातलं खरं कोणतं, हे पुढच्या साहेबानं विचारलं तर तुमाले सांगता येते."

"अन् नाही विचारलं तर?"

"तर तुमाले तरी माहीत हाये," त्या म्हणाल्या आणि एसटी सुटेल म्हणून भराभर निघून गेल्या. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. ते मला अजून लागून राहिलं आहे.

नवीन साहेब तरुण होता, चांगला होता, घाईत होता. आठवडाभरात मोठ्या भावानं फाईल काढायला लावली आणि मला सोबत नेलं. साहेबानं माझा नकाशा पाहिला, छान म्हणाला, पेनाचं टोपण काढलं. मग पान उलटलं आणि वाचायला लागला. वाचता वाचता त्यानं एक वाक्य मोठ्यानं वाचलं.

"अर्जदारांसह दाखवलेल्या रस्त्यावरून स्वतः चालत गेले. बत्तीस पावलांनंतर विहिरीचा काठ लागला. पुढे जाता आले नाही."

त्यानं वर पाहिलं. "तिथं विहीर आहे?"

"जुनी हाये साहेब," मोठा भाऊ म्हणाला. "हाये म्हणजे, नसल्यासारखीच."

साहेबानं माझ्याकडे पाहिलं. "नकाशा तुमचा ना? विहीर आहे का नाही?"

मोठ्या भावाचा हात माझ्या दंडाला लागलेला होता. वर्षाचे दहा-बारा नकाशे माझ्या डोळ्यांसमोरून गेले, खोटं कशाला बोलू. पण बत्तीस पावलं मोजत जाणारी ती बाई त्याहून जास्त स्पष्ट दिसत होती. मी म्हणालो, "आहे साहेब. पाणी भरलेली आहे. नकाशा माझा चुकला आहे. आणि ह्यांनाही आधीपासून माहीत आहे."

मोठा भाऊ बाहेर आल्यावर मला जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण करणार काय? तीन प्लॉटचा नकाशा एकच असतो. मंजुरी मिळाली तर तिघांना, नाहीतर कुणालाच नाही. मंदाबाईंचा रस्ता झाल्याशिवाय त्याच्या गाळ्याची एक वीट चढणार नव्हती. नवा नकाशा त्यानं माझ्याकडून काढला नाही, यवतमाळहून काढून आणला. मी तो नंतर ऑफिसात पाहिला. गाळे दोन होते आणि रस्ता बरोबर होता.

दिवाळीनंतर एक दिवस मी घाटंजी रोडनं येत होतो. मोठ्याच्या गाळ्यांचे पिलर उभे राहिले होते आणि त्यांच्या कडेनं मुरमाचा नवा रस्ता आत गेला होता. त्या रस्त्यावरून मंदाबाईंच्या विटांचा ट्रक आत चालला होता. मी गाडी थांबवली.

ट्रकच्या पुढं, उलट्या पावलांनी मोठा भाऊ चालत होता. दोन्ही हात वर. "येऊ दे, येऊ दे, जरा डावीकडं, अबे पिलर हाये तठी!" आता त्यात माया किती आणि पिलरची काळजी किती, हे मला सांगता येणार नाही. मंदाबाई आत त्यांच्या प्लॉटवर उभ्या होत्या, हलायचं कुठं ते न कळून. तेवढ्यात भाऊ मागं न बघताच ओरडला, "मंदे, तो दगड सरकव ना बाजूले! उभी काय राह्यली?"

मंदाबाई धावल्या. असा हुकूम ऐकून एवढी खूश झालेली बाई मी पाहिली नव्हती. दगड चांगला मोठा होता. त्यांनी तो एकटीनं लोटला.

मी त्या नव्या रस्त्याच्या तोंडाशी उभा राहून मॅडमना फोन लावला. दोनदा लागला नाही. अर्ध्या तासानं, तिसऱ्यांदा लागला. मागं वारा ऐकू येत होता, बहुतेक वावरात होत्या. मी सगळं सांगितलं, गाळे, रस्ता, विटा, "मंदे" अशी मारलेली हाक. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ट्रक आतमदी वळला, का उलटाच काढावा लागून राह्यला?"

मी मान वर करून पाहिलं. विटा उतरवून झाल्या होत्या आणि ट्रक आतच तोंड फिरवून माझ्याकडे येत होता.

"आतच वळला, मॅडम."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी कितीतरी वेळ फोन तसाच कानाला धरून उभा होतो. ट्रकवाल्यानं जोरात हॉर्न दिला, तेव्हा लक्षात आलं की मी मंदाबाईंच्या रस्त्याच्या मधोमध उभा आहे. घाईघाईनं बाजूला झालो.